अकरा देवळ्यांची बिजली

पत्रू पाण्याला भ्यायचा. आता कोणी म्हणेल, भितो तर भितो, त्यात काय एवढं. पण पत्रू ढिवराच्या घरचा होता. त्याचा बाप सोमाजी चाळीस वर्षं मोहटोल्याच्या तलावात जाळं टाकत आला होता, आज्याचा जन्म तलावात गेला होता, आणि आज्याचा बाप तर तलावातच गेला होता. अशा घरातला हा पोरगा गुडघाभर पाण्यात उतरला की झाडाच्या पानासारखा थरथरायचा. चौदाव्या वर्षी डोंग्यावरून पडला, शेंडी धरून बाहेर काढला, आणि तेव्हापासून आंघोळसुद्धा लोट्यानं, काठापासून दहा हात लांब. गावानं हसून घेतलं, बापानं कपाळ बडवून घेतलं, पण भीती काही जाईना.

म्हणून पत्रू जिल्ह्याच्या गावाला, चांद्याला पळाला आणि एका ठेकेदाराच्या हाताखाली बिजलीचं काम शिकला. चार वर्षांनी परत आला तो खिशात कच्चं परमिट घेऊन. गावकरी म्हणाले, पाण्याले भेते अन् बिजलीले भेत नाई, हा कोनता मानूस. पत्रूनं मनावर घेतलं नाही. बिजली निदान नाकातोंडात जात नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

तर गोष्ट अशी की सत्तावन्न साली, जवळच्या सावली गावापर्यंत आलेली बिजलीची तार पुढं मोहटोल्याला आली. नियम साधा होता. वायरमनचं पहिलं स्वतंत्र काम साहेब येऊन तपासणार. पास झालं तर परमिट पक्कं. नापास झालं तर परमिट परत, आणि घरी जा. घरी जा म्हणजे पत्रूच्या बाबतीत तलावात जा. सोमाजीनं ते आधीच बोलून ठेवलं होतं. "पास झाला त मी तुह्या आडवा येत नाई. नाई झाला त दिवाळीपासून जाळ्यावर. माहे हात आता थकले, बापा." बायको मैना काहीच बोलली नव्हती, आणि ती बोलली नाही की पत्रूला जास्त भीती वाटायची.

पहिलं काम मिळालं ते दादाजींच्या घरचं. दादाजी म्हणजे गावचे मालगुजार, म्हणजे पूर्वीचे. मालगुजारी जाऊन सहा वर्षं झाली होती, पण ही बातमी दादाजींच्या मिशीपर्यंत पोचली नव्हती. बासष्टाव्या वर्षीही ती मिशी काळीभोर होती, वर वळलेली होती, आणि गावातल्या लोकांना अजून जोहार घालायला लावत होती. दादाजी नागपूरला एका हॉटेलात दोन रात्री राहून आले होते आणि तिथं त्यांनी पाहिलं की भिंतीवर तार म्हणून दिसत नाही. बटन दाबलं की उजेड. बस्स, तेव्हापासून त्यांनी डोक्यात घेतलं.

"माह्या घरी भिंतीवर लाकडाच्या पट्ट्या ठोकाच्या नाई," ते पत्रूला म्हणाले. "तार भिंतीच्या पोटातून गेली पाह्यजे. लोकाईले उजेड दिसावा, बिजली दिसू नये."

"मालक, नागपूरची भिंत विटांची हाये. तुमची मातीची हाये."

"मंग? माती कमी मजबूत हाये का?"

दादाजींचं घर मोठं, कवेलूंचं, भिंती दोन दोन हात जाडीच्या, धानाचं तणस घालून मळलेल्या मातीच्या. उन्हाळ्यात आत गार वाटायचं हे खरं. पण त्या भिंतीत कोणी परक्या माणसानं छिन्नी लावली तर सूपभर माती अंगावर यायची. त्या भिंतींना हात लावू शकेल असा माणूस गावात एकच होता, सुकलू मिस्त्री. भिंती त्यानंच तीस वर्षांपूर्वी उभ्या केल्या होत्या. आणि पत्रूचं नशीब असं की सुकलू मिस्त्री त्याचा सासरा होता.

पत्रूनं खडूनं अकरा जागी खुणा केल्या, तारेची नळी कुठून जाईल ते दाखवलं. सुकलूनं एकच गोष्ट विचारली.

"भोकं कायले पाह्यजेत?"

"दिव्याईले, मामाजी. बिजलीच्या दिव्याईले."

"समजलं," सुकलू म्हणाला, आणि पत्रू निश्चिंत मनानं चांद्याला डब्ब्या आणि बटनं आणायला गेला. घोडचूक झाली ती इथं. भोक किती मोठं हे त्यानं सांगितलंच नाही. सांगायला हवं असं त्याला वाटलंच नाही, कारण चार वर्षं तो ज्या मिस्त्र्यांबरोबर राहिला त्यांना डब्बीचं माप झोपेत ठाऊक. आणि सुकलूनं विचारलं नाही, कारण दिव्यासाठी भिंतीत भोक किती मोठं करायचं हे झाडीपट्टीतल्या मिस्त्र्याला कोणी शिकवायचं असतं का? जन्मभर त्यानं दुसरं केलं तरी काय होतं?

चार दिवसांनी पत्रू परतला, पिशवीत तळहाताएवढ्या लोखंडी डब्ब्या आणि त्यांच्यावर बसवायची काळी चकचकीत झाकणं. बैठकीत पाऊल टाकलं आणि तिथंच थबकला. भिंतीत एक देवळी, म्हणजे दिव्याचा कोनाडा, होती. सुरेख, हातभर उंच, वर कमान, आतून छुईच्या मातीनं पांढरीशुभ्र पोतलेली. दिवा ठेवायला खाली पाटा. शेजारच्या खोलीत दुसरी. देवघरात तिसरी. अशा अकरा.

सुकलू ओसरीवर बसून हात धूत होता. मैनाही आली होती, बापाचा डबा घेऊन.

"मामाजी, हे..."

"अकरा सांगतल्या होत्या, अकरा हायेत. मोजून घ्या, जवाईबापू."

"अन् हे वर लहान भोक?"

"धूर कुठून जाईन मंग?"

बिजलीला धूर नसतो हे वाक्य पत्रूच्या जिभेवर आलं होतं. पण सासऱ्याला गावात तोंड वर करून कोणी बोलत नाही, आणि बोललं तरी त्याच्या हातच्या कामाला कोणी नाव ठेवत नाही. त्यात मैना शेजारी उभी. ती कमानीवरून बोट फिरवत म्हणाली, "बाबानं कोर किती साजरी काढली, पाह्यलं का?" पत्रू म्हणाला, "साजरी हाये." दुसरं काय म्हणणार होता बिचारा.

बापलेक गेल्यावर त्यानं एक डब्बी देवळीत धरून पाहिली, वर काळं झाकण ठेवून पाहिलं. रुंद कपाळावर एवढीशी टिकली लावावी तसं दिसलं. चहूबाजूंनी वीतवीतभर देवळी मोकळीच. माती भरून बुजवावं म्हटलं तर भादवा चालू होता, ओली माती दिवाळीपर्यंत वाळली नसती, आणि ओल्या भिंतीत बिजली सोडायची म्हणजे माणसं मारायचाच धंदा. साहेबाचा दौरा आठ दिवसांवर. पत्रूला डोळ्यांसमोर तलाव दिसायला लागला, आणि तोही काठापासून नव्हे, मधोमध.

तो चैतू सुताराकडे जाऊन बसला. चैतूनं सगळं ऐकून घेतलं आणि रंधा चालवत म्हणाला, "भोक मोठं हाये ना? त झाकन मोठं कर. रडून काऊन राह्यला?"

"एवढं मोठं?"

"देवळीपेक्षा चार बोटं मोठं. सागाची फळी, मंधात तुहं बटन. मांगं काय हाये ते कोन पाह्यते?"

पत्रूला हे एकदम पटलं. अडलेल्या माणसाला काहीही पटतं. अडचण उरली ती सागाची. चांदा जिल्ह्यात साग आहे किती म्हणाल तर डोळे फिरतील इतका, पण तो सगळा सरकारचा. जंगलातून आणायचा तर पास पाहिजे, पास पाहिजे तर जंगलखात्याचा नाकेदार पाहिजे, आणि नाकेदार पाहिजे तेव्हा तो कधीच नसतो. हे गाऱ्हाणं ताराबाईंच्या कानावर गेलं. ताराबाई म्हणजे दादाजींची बायको, जाडजूड, बोलायला फटकळ. दादाजी तेव्हा सावलीला गेले होते. ताराबाईंनी पत्रूला आणि चैतूला आत बोलावलं आणि बैठकीतल्या तख्ताकडे बोट केलं.

तख्त म्हणजे साधं नव्हतं. दादाजींचे वडील त्याच्यावर बसून गावाचा सारा घेत. दादाजींनी त्याच्यावर बसून लोकांना उभं ठेवलं होतं. अस्सल जुना साग, कडेनं वेलबुट्टी, हत्ती बसला तरी करकरणार नाही असं.

"हे घेऊन जा," ताराबाई म्हणाल्या.

चैतू म्हणाला, "मालकाईले इचारलं का, बाई?"

"सहा वर्षं झाली, कोनी साधा अर्ज घेऊन येऊन नाई राह्यलं अन् हे त्याच्यावर बसून खंकारत रायतेत. माही आर्धी बैठक त्यानंच खाल्ली हाये. काप."

दादाजी संध्याकाळी आले तेव्हा तख्ताच्या अकरा फळ्या झाल्या होत्या. घर डोक्यावर घेतलं त्यांनी. पण ताराबाईंनी त्यांना पहिली बसवलेली फळी दाखवली. भिंतीवर पाटाएवढी सागवानी पाटी, कडेला वेलबुट्टी, मधोमध काळं बटन. दादाजी जवळ गेले, लांब गेले, पुन्हा जवळ आले. मग त्यांनी पत्रूला विचारलं, "नागपूरच्या हाटेलात केवढी होती?"

"तळहाताएवढी, मालक."

"अन् आपली?"

"वीस तळहात बसतीन."

दादाजींनी मिशीवरून हात फिरवला. त्या दिवसापासून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले की नागपूरवाले कंजूष, बटनाभोवती काही सोडतच नाहीत.

आता चैतू हा सुतार. त्यानं जन्मभर खिडक्या केल्या, कपाटं केली, फळी भिंतीला लावायची म्हटली की त्याचा हात आपोआप बिजागरीकडे जायचा. त्यानं अकराच्या अकरा फळ्यांना एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला कडी लावली. पत्रूनं पाहिलं आणि खूशच झाला. पुढंमागं तार पाहायची झाली तर स्क्रू काढत बसायला नको, कडी काढली की काम. बटन फळीवर बसलेलं, त्याच्या पाठीमागं तांब्याची उघडी टोकं, फळी उघडली की ती टोकंही सोबत बाहेर. आत पांढरीशुभ्र मोकळी देवळी, खाली पाटा. पत्रूला ही चूक दिसली नाही. खरं सांगायचं तर त्याला त्या दिवसांत फक्त साहेबाची सही दिसत होती.

मात्र घरातल्या बाकीच्या माणसांना जे दिसायचं ते लगेच दिसलं.

दोन दिवसांनी पत्रू माजघरात नळीची तोंडं बंद करत होता. ताराबाई आल्या, इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाल्या, "पत्रू, माह्या खोलीतली पाटी उघडू नको. साहेब आला तरी उघडू नको. थोडा गुडाखू ठेवला हाये तिथी."

गुडाखू म्हणजे तंबाखूची मिसरी, दातांना लावायची. दादाजींना तिचा वास सहन व्हायचा नाही आणि बायकोनं ती सोडली असा त्यांचा आठ वर्षांपासूनचा समज होता.

"बाई, आत बिजली येनार हाये."

"येऊ दे ना. लहान डबी हाये, तिले कायची अडचन होते?"

दुसऱ्या दिवशी दादाजींनी त्याला बैठकीत थांबवलं. त्यांनी आधी दार लोटलं, मग घसा साफ केला. "बैठकीतल्या पाटीमांगं माही एक बाटली हाये. दवाईची."

पत्रूला माहीत होतं दवाई कोणती ते. कडी नीट बसते का पाहताना त्यानं बाटली पाहिली होती. ती खिजाबची, म्हणजे केसांच्या कलपाची होती. शेजारी जुना दात घासायचा ब्रश, काळाकुट्ट. म्हणजे ती मिशी. ज्या मिशीला सगळं गाव सहा वर्षं भीत होतं ती दर पंधरा दिवसांनी बाटलीतून येत होती. पत्रूनं मान खाली घातली, कारण वर केली असती तर हसू फुटलं असतं.

तिसरी भेट मात्र साधी नव्हती. दादाजींची थोरली बहीण भागीरथाबाई बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती पंचावन्न वर्षं त्या घरावर हुकूम चालवत होती. गळ्यात माळ, दिवसातून वीसदा हात धुणं, कोणी शिवलं की पुन्हा धुणं. मासोळी तिनं कधीच सोडली होती आणि सोडली हे ती सगळ्यांना रोज सांगायची. तिनं पत्रूला देवघराच्या दारात उभं केलं.

"देवघरातल्या पाटीले हात लावाचा नाई. तिथी देवाचं हाये."

"देवाचं काय, बाई?"

"तुले कायले पाह्यजे?"

देवाचं काय ते पत्रूला विचारायची गरजच नव्हती. पाटीखाली घरची मांजर बसली होती. ती तीन दिवस तिथंच बसली होती, मान वर करून, एखाद्या भाविकासारखी, आणि दूध दाखवलं तरी हलत नव्हती. आणि सोमाजीनं घरी बोलता बोलता सांगितलं होतं की दर बाजाराला कोणीतरी बाई गड्याला पाठवून पाव शेर सुकी मासोळी नेते आणि नाव सांगत नाही.

पत्रूनं घरी येऊन मैनाला सगळं सांगितलं. मैना पोट धरून हसली, आणि मग हसू आवरून तिनं विचारलं.

"अन् बिजली आल्यावर? हात घालतीन ना तिथी."

"साहेब गेला की समजावून सांगन."

"ऐकतीन?"

तीनही माणसं आयुष्यात कोणाचं ऐकलेली नव्हती. पण आधी सही, मग बाकीचं, असं पत्रूनं स्वतःला बजावलं. लाज वाटली त्याला, नाही असं नाही. पण तलावाची भीती लाजेपेक्षा मोठी होती.

साहेब आले ते सोमवारी सकाळी. खांबेटे त्यांचं नाव, सुकलेले, चष्मेवाले, बोलणं पुस्तकी. बरोबर एक लाइनमन. दादाजींनी कोंबडं कापलं होतं, साहेबांनी सांगितलं ते खात नाहीत, मग पुन्हा वरणभात, वांग्याची भाजी, तूप. दुपारपर्यंत साहेब खूश झाले. त्यांनी मेनचा खटका पाहिला, जमिनीत पुरलेली तार पाहिली, हातानं फिरवायचं यंत्र काढून अकरा दिव्यांपाशी सुई पाहिली. सुई बरोबर होती. पत्रूचं काम खरंच चोख होतं, नळीत कुठं सांधा नाही, तारेला कुठं ओरखडा नाही.

"पाट्या फार मोठ्या आहेत," साहेब म्हणाले.

"घर मोठं हाये," दादाजी म्हणाले.

"एखादी उघडून दाखव. कोणतीही चालेल."

ताराबाईंनी आपल्या खोलीचं दार अडवलं. दादाजी बैठकीतल्या पाटीला पाठ लावून उभे राहिले. भागीरथाबाई देवघरात जाऊन मोठ्यानं देवाचं नाव घेऊ लागली. पत्रूनं साहेबांना धानाच्या खोलीत नेलं आणि तिथली पाटी उघडली. आत स्वच्छ देवळी, डब्बी, तारा, सगळं कसं नीटनेटकं. साहेबांनी मान हलवली. "पोकळी जास्त ठेवली आहेस. पण जोडणी उत्तम."

उत्तम. चार वर्षांत पत्रूला कोणी हा शब्द म्हटला नव्हता.

लाइनमननं खांबावरून तार जोडली. साहेब बैठकीत खाटेवर बसले, मांडीवर कागद ठेवला, फाउंटन पेन उघडलं आणि पत्रूला मेन चढवायला सांगितलं. पत्रूनं मेन चढवला. दादाजींनी बटन दाबलं आणि बैठकीतला बिजलीचा गोळा पेटला. भरदुपारी पेटला तरी लोक आ वासून पाहत राहिले. ओसरीवर सोमाजी उभा होता, सुकलू होता, मैना होती, अर्धं गाव होतं. सोमाजी डोळ्यांवर हात धरून वर पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे पत्रूनं तिथं कधी पाहिलं नव्हतं. पत्रूचा ऊर भरून आला. साहेबांचं पेन कागदावर टेकलं. 'खां' लिहून झालं.

आणि त्याच वेळी मांजर देवघरातून बाहेर आली. ऐटीत, शेपटी वर करून, बैठकीच्या मधून, सगळ्यांच्या पायांजवळून निघून गेली. तोंडात सुकी मासोळी होती. सगळे गोळ्याकडे पाहत होते. मांजरीकडे एकट्या पत्रूचं लक्ष गेलं.

पाटी उघडी आहे. एवढंच त्याच्या डोक्यात आलं. पाटी उघडी आहे, भागीरथाबाई आत आहे, आणि बाईचे हात कायम ओले असतात. पुढचं त्यानं विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. दोन उड्यांत तो मेनजवळ पोचला आणि खटका खाली ओढला.

गोळा विझला. लोक हळहळले. दादाजींचा चेहरा उतरला.

"काय झालं?" साहेब मान वर न करता म्हणाले. "फ्यूज गेला असेल. घाल पुन्हा. तोपर्यंत मी हे पुरं करतो."

बोला आता. साहेबांनी स्वतःच्या हातानं वाट करून दिली होती. हो जी, फ्यूज गेला, एवढं म्हणायचं, आत जायचं, म्हातारीला बाजूला करायचं, कडी घालायची, बाहेर यायचं. सही पुरी झाली असती. परमिट पक्कं, तलाव कायमचा सुटला. आणि उद्यापासून बिजली या घरात रात्रंदिवस राहणार, आणि तीन माणसं चोरून, घाईघाईत, अंधारात चाचपडत त्या देवळ्यांत हात घालणार. पत्रूनं बापाकडे पाहिलं. बाप अजून वर, विझलेल्या गोळ्याकडेच पाहत होता.

"फ्यूज नाई गेला, साहेब," पत्रू म्हणाला. "म्या बंद केलं."

"का?"

तेवढ्यात देवघरातून आवाज आला. "अरे बैठकीतला दिवा कोनं इझवला? मले आतलं काई दिसून नाई राह्यलं."

साहेब उठले. सगळेच उठले. देवघरात भागीरथाबाई उभी होती, फळी सताड उघडी, उजवा हात कोपरापर्यंत देवळीत, मनगटावरून पाणी गळत होतं. सगळे बाहेर आहेत तोवर पुडी हलवावी म्हणून तिनं फळी उघडली होती, आणि आता मांजरीनं फोडलेली पुडी गोळा करत होती. तांब्याचं उघडं टोक तिच्या दंडापासून पेरभर लांब होतं. साहेबांनी ते पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि पुन्हा पाहिलं.

"अशा आणखी किती आहेत?" त्यांनी विचारलं.

पत्रूनं मग काही लपवून ठेवलं नाही. ताराबाईंच्या खोलीतली फळी उघडली, गुडाखूची डबी काढून दाखवली. बैठकीतली फळी उघडली. बाटली काढली, ब्रश काढला. ओसरीवरच्या लोकांनी आधी ब्रशाकडे पाहिलं, मग मिशीकडे पाहिलं, मग पुन्हा ब्रशाकडे. पहिला हसला तो सुकलू. मग कोणाला आवरेना. दादाजींनी एक हात मिशीवर धरला आणि तो काही केल्या खाली घेईनात.

"आठ वर्षं," ते बायकोला म्हणाले. "आठ वर्षं मले सांगतलं सोडली म्हनून."

"अन् ओठाले काळं लागलेलं दिसे त मी समजत होती का कोळसा खातेत हे," ताराबाई म्हणाल्या.

साहेबांनी कागद घेतला आणि 'खां' वर आडवी रेघ मारली. "काम नापास. देवळ्या पूर्ण बुजवायच्या, भिंत वाळू द्यायची, बिजागऱ्या काढायच्या, लहान झाकणं बसवायची. दिवाळीनंतर मी पुन्हा येईन. दुसऱ्यांदा नापास झालं तर परमिट गेलं. तोवर ते माझ्याकडे राहील." मग पत्रूकडे पाहून म्हणाले, "या बिजागऱ्या तुला दिसल्या नाहीत?"

"दिसल्या, साहेब. चूक माही हाये."

"हं," साहेब म्हणाले. "नियमानं परमिट आजच गेलं असतं. पण मेन तू स्वतः खाली केलास, ते मी लिहून ठेवतो."

सुकलू मागून पुढं आला. "साहेब, देवळ्या म्या केल्या. त्याईत खोट काय ते सांगा."

पत्रूनंच उत्तर दिलं. आता घाबरायला उरलंच काय होतं? "मामाजी, खोट काई नाई. लई मोठ्या हायेत. बिजलीले मुठीएवढं भोक लागते, अन् धूर निघत नाई."

सुकलू म्हणाला, "हे पयलेच सांगाचं होतं, बापू," आणि खाली बसून बिडी पेटवली.

पण दादाजी पेटलेलेच होते. गावासमोर मिशी उघडी पडलेला माणूस, तो काय शांत बसतो? "निंघ माह्या घरातून," ते पत्रूवर धावले. "पुन्हा पाऊल ठेवशीन त तंगडं मोडीन. मी चांद्यावरून दुसरा वायरमन बलावतो. सरकारमान्य."

दुसरा वायरमन आला की हे काम त्याचं, आणि पत्रूचं पहिलं काम नापास ते नापास. त्यानं पेचकस खिशात घातला. सोमाजीनं खालून हात पुढं केला, चल म्हणून. त्या हाताला मासोळीचा वास होता, आणि पत्रूला रडू आलं.

तोवर भागीरथाबाई देवघरातून बाहेर आली होती. मासोळीची पुडी पदरात नव्हती, हातात होती, सगळ्यांसमोर. लपवायचं आता कोणापासून? ती दारातल्या पाटावर बसली आणि तिनं भावाकडे पाहिलं.

"दुसरा कोन बलावतो तू?"

"चांद्यावरून..."

"तो येईन. फळ्या काढन. देवळ्या पाहीन. इथी काय होतं, तिथी काय होतं, समदं त्याले दिसन. मंग तो चांद्याले जाईन अन् सावलीच्या बाजारात सांगत सुटन." ती पुडीला गाठ मारू लागली. "या घराची जेवढी बिंगं हायेत ती याले ठाव झाली. आता आनखी कितीकाईले सांगतो? हाच करन."

दादाजींनी दुसऱ्या हातानं दाराकडे बोट केलं.

"हाच करन," भागीरथाबाई म्हणाली. "अन् मिशीवरचा हात काढ. समद्याईनं पाह्यलं हाये."

दादाजींचा हात हळूहळू खाली आला. ओसरीवर कोणी हसलं नाही. साहेबांनी लाइनमनला खांबावरची तार सोडायला सांगितली, छत्री घेतली, आणि दिवाळीनंतरची तारीख कागदावर टाकून तो कागद पत्रूच्या हातात दिला.

पत्रूनं कागदाची घडी केली. सोमाजी अजून हात पुढं करून उभा होता. पत्रू त्याला म्हणाला, "तुमी व्हा पुढं, बाबा. मले येयाले वेळ लागन," आणि पेचकस काढून तो देवघरातल्या फळीची पहिली बिजागरी सोडवायला बसला.